मिटलेली जागा

१

भूमापन कचेरीत अडतीस वर्षं लोकांच्या जमिनींच्या हद्दी कागदावर उतरवून मोजपट्टी निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले होते की आता यांनी स्वस्थ बसावं. मोजपट्टी हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. पण कचेरीत ते इतकं रुळलं होतं की एकदा हजेरीपटावरही तेच लिहिलं गेलं आणि महिनाभर कुणाच्या लक्षात आलं नाही. त्यांच्याही नाही.

स्वस्थ बसणं हे त्यांच्या पत्रिकेतच नव्हतं. पहिल्या वर्षात घरातल्या सगळ्या भिंती मोजून झाल्या, त्यातली एकही काटकोनात नाही हे बायकोला तीनदा सांगून झालं, आणि मग त्यांनी मागच्या खोलीत खाऱ्या पाण्याची टाकी मांडली.

टाकी म्हणजे खरं तर काचेचा पसरट ट्रे. तीन फूट लांब, दोन फूट रुंद, वीतभर खोल. भिंतीला अगदी चिकटून ठेवलेल्या टेबलावर तो ठेवलेला, आणि वर छताच्या आकड्याला लोंबणारा एकच निळसर पांढरा दिवा. दिवा टायमरवर चाले. सकाळी अकराला लागे, संध्याकाळी सातला विझे. मासे नव्हते. मासे मोजपट्टींना नापसंत; जे सारखं हलतं त्याची मोजणी करता येत नाही. त्यांनी लावलं होतं मऊ पोवळं.

दुकानदाराच्या भाषेत त्याचं नाव ग्रीन स्टार. आणलं तेव्हा अंगठ्याएवढा दगड होता. दगडावर जांभळी, चामड्यासारखी साल आणि सालीतून वर आलेले बारीक हिरवे तुरे. पाण्याच्या ओढीबरोबर ते गवतासारखे डोलत. बोट लावलं की तुरे सालीत शिरत आणि हिरवं होतं ते क्षणात जांभळं होई. थोड्या वेळाने पुन्हा उघडत. पिशवीला गाठ मारता मारता दुकानदार म्हणाला होता, "जगवायचं कसं हे तुम्हाला कुणीही सांगेल. थांबवायचं कसं ते विचारायला मात्र माझ्याकडे येऊ नका."

चार महिन्यांत त्याने दगड व्यापला, सहा महिन्यांत ट्रेचं सगळं बूड. मग ते काचेवर चढायला लागलं. दुसरा कुणी असता तर घाबरला असता. मोजपट्टी खूश झाले. अतिक्रमण हा त्यांचा जन्माचा विषय. त्यांनी पोवळ्याशी सरळ वाटाघाट केली: बुडाची जमीन तुझी, काच माझी. दर रविवारी दुपारी बारा वाजता ते ट्रेवर साधी काच आडवी ठेवत, तिच्यावर ट्रेसिंग पेपर पसरत, आतल्या सालीची कड, उंचवटे, दगड सगळं पेन्सिलीने उतरवून घेत, कोपऱ्यात तारीख घालत आणि मग काचेवर चढलेला भाग ब्लेडने खरवडून काढत. निघालेले तुकडे सुरुवातीला त्यांनी ओळखीच्या लोकांना वाटले. पुढे ओळखीचे लोक त्यांचा फोन उचलेनासे झाले. दुकानदार तर त्यांना पिशवी घेऊन येताना पाहिलं की शटरकडे हात नेई.

असा सगळा आनंदीआनंद चालू असताना त्यांच्या बायकोच्या छातीत कळ आली.

२

ऑपरेशन झालं, नीट झालं. घरी सोडताना डॉक्टर म्हणाले, तीन महिने जपायचं. जिना नाही, जड उचलणं नाही, चिडणं नाही, आणि दुपारी एक ते पाच बंद खोलीत पूर्ण झोप. त्या वेळात कुणी खोलीत जायचं नाही. हृदय शिवलेलं आहे, आता त्याला आणखी एक धक्का बसला तर शिवायला आम्ही असू, पण शिवण धरेल असं नाही.

घरात शांत खोली एकच, मागची. तेव्हा पलंग तिथे आला. ट्रेचं टेबल आणि पलंग यांच्यात दोन फुटांचं अंतर राहिलं, एक खुर्ची मावेल एवढं. मोजपट्टींनी ट्रे हलवायची तयारी दाखवली होती. त्यांच्या स्वभावाकडे पाहता हा त्याग मोठाच होता. बायको म्हणाली, "राहू दे. या घरात निदान एक तरी गोष्ट वाढतेय."

दुपारी पडदे ओढलेले, खोलीत फक्त त्या दिव्याचा उजेड, आणि पंपाची बारीक घरघर. त्या घरघरीनेच तिला झोप लागे. मोजपट्टी बाहेरच्या खोलीत कोचावर, तोंडावर वर्तमानपत्र घेऊन आडवे होत. मागच्या खोलीच्या दाराची बिजागरी करकरायची आणि त्या आवाजाने तिला हमखास जाग यायची, म्हणून एक ते पाच त्या दाराला हातही लावायचा नाही असा नियम त्यांनी स्वतःला घालून घेतला. नियम पाळण्यात त्यांचा हात धरणारा कचेरीत कुणी नव्हता. पाचला ते चहा करत आणि दार उघडत.

पलंग आल्यानंतरच्या तिसऱ्या रविवारी ट्रेमध्ये एक जांभळी जागा दिसली.

हिरव्यागार बुडात, भिंतीकडच्या बाजूला, दीड फुटाचा एक भाग. तिथले तुरे मिटलेले होते. मोजपट्टींनी तासभर वाट पाहिली. सभोवतालचं हिरवं डोलत होतं आणि तेवढा भाग शिस्तीत मिटून बसला होता. कड थोडी पुसट, पण गोलाई स्पष्ट. त्यांनी ती पेन्सिलीने उतरवून घेतली आणि दुसऱ्या दिवशी कागद घेऊन दुकानात गेले.

दुकानदाराने आधी त्यांच्या हातात पिशवी नाही ना याची खात्री करून घेतली. मग कागद पाहिला आणि म्हणाला की रोग असता तर डाग वेडावाकडा पसरला असता. मीठ कमी-जास्त झालं असतं तर सगळंच मिटलं असतं. हे उजेडाचं काम आहे. त्या जागेवर रोज चार-चार तास कशाची तरी सावली पडत असणार. तुरे कंटाळून मिटतात, मग सावली गेली तरी काही दिवस उघडत नाहीत.

"दिव्याखाली काही टांगलंय का?" त्याने विचारलं.

मोजपट्टी म्हणाले की दिव्याखाली हवा आहे.

"मग कुणीतरी वाकून बघत बसत असेल," दुकानदार म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

३

आता घरात माणसं दोन. त्यातलं एक दुपारी एक ते पाच कोचावर असतं हे मोजपट्टींना शपथेवर माहीत होतं. उरलं दुसरं. म्हणजे बाईसाहेब झोपायचं सोडून ट्रेवर ओणव्या होऊन बसतात. उकललेलं प्रकरण इतकं सोपं निघाल्याचा त्यांना थोडा खेदच झाला.

त्यांनी जेवताना विषय काढला. थेट नाही, कचेरीत आरोपपत्र देण्याआधी द्यायची तशी संधी देत. दुपारी झोप लागते का नीट, उठून बसावंसं वाटतं का, पोवळ्याकडे बघून करमणूक होते का.

"मी कशाला उठू?" बायको म्हणाली. "पडल्या पडल्या दिसतं की सगळं." मग त्यांच्याकडे पाहून ती हसली. त्या हसण्यात काहीतरी ठेवणीतलं होतं, पण मोजपट्टींना हसण्यांची मोजणी कधी जमली नव्हती. "उठतं कोण आणि बघतं कोण, ते राहू द्या," ती म्हणाली आणि पानावरचं संपवायला लागली.

ती खोटं बोलत नसे. बोलली असती तर एकतीस वर्षांत एकदा तरी त्यांच्या स्वयंपाकाची स्तुती केली असती.

तेव्हा मोजपट्टींनी शास्त्राचा आधार घेतला. माळ्यावरून स्कूटरचं जुनं हेल्मेट काढलं, त्याला दोरी बांधली आणि सकाळी अकराला दिवा लागताच ते दिव्याखाली टांगून वर-खाली करून पाहिलं. बायको पलंगावरून बघत होती. ती म्हणाली, माणसाचं डोकं टांगायची वेळ येईल तेव्हा आधी मला सांगा, मी माहेरी जाईन.

हिशेब सरळ होता. हेल्मेट दिव्याजवळ नेलं की बुडावर पडणारी सावली मोठी आणि पुसट होई. खाली आणलं की लहान आणि रेखीव. दीड फुटाची सावली पडायला ते पाण्यापासून साधारण दोन फूट वर ठेवावं लागलं, आणि सरकवावं लागलं भिंतीकडे. भिंतीला अगदी खेटून.

त्या बाजूला माणूस उभा राहू शकत नाही. टेबल आणि भिंत यांच्यात पोस्टकार्ड घालायला जागा नव्हती.

मोजपट्टींनी ट्रेसिंग पुन्हा नीट पाहिलं आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. मिटलेली जागा अंडाकृती होती, दोन्ही अंगांना किंचित फुगवटे होते, बस्स. माणूस वाकला तर डोक्यामागून खांदे येतात, पाठ येते. इथे खांदे नव्हते. खांदे नाहीत म्हणजे माणूस नाही, आणि माणूस नाही म्हणजे पंपाच्या प्रवाहाचा काहीतरी दोष. त्यांनी पंपाचं तोंड दोन बोटं फिरवलं आणि कागदावर शेरा मारला: उपाय केला.

४

उपाय लागू पडला. पुढच्या रविवारी जांभळी जागा सव्वा फुटाची झाली होती. भिंतीपासून सुटून ट्रेच्या मध्यावर आली होती खरी, पण लहान झाली होती हे महत्त्वाचं. त्याच्या पुढच्या रविवारी एक फूट. ती आता पलंगाकडच्या कडेला सरकत होती आणि कड इतकी रेखीव झाली होती की पेन्सिल आपोआप फिरली. मागे सोडलेल्या जागेतले तुरे पुन्हा उघडले होते, पूर्वीपेक्षा तजेलदार. चौथ्या रविवारी पलंगाकडच्या काचेला लागून अर्धचंद्र तेवढा उरला.

पाचव्या रविवारी ट्रे काठोकाठ हिरवा होता.

मोजपट्टींनी कागदावर "प्रकरण निकाली" असं लिहिलं, सही केली, आणि कुणी प्रतिस्वाक्षरी करणारा नाही याची त्यांना जरा चुटपुट लागली. मग ते दुकानदाराला मुद्दाम सांगून आले की सावली-बिवली काही नव्हती, प्रवाहाचा दोष होता. दुकानदार म्हणाला, असेल बुवा.

त्या आनंदात एक गोष्ट त्यांनी लक्षात घेतली नाही असं नाही. घेतली, पण तिची नोंद वेगळ्या सदरात केली. बायकोची झोप वाढत चालली होती. आधी पाचला कप वाजला की ती डोळे उघडत असे. मग दोनदा हाक मारावी लागे. त्या हिरव्या रविवारनंतरच्या सोमवारी तिला खांद्याला धरून हलवावं लागलं आणि जाग येता येता पावणेसहा झाले. ओठ पांढुरके दिसत होते. उठल्यावर ती खूप दूरवरून चालत आल्यासारखी थकलेली होती, आणि तरी चेहऱ्यावर समाधान होतं, लाड करून घेतलेल्या माणसासारखं.

त्यांनी डॉक्टरांना फोन केला. झोप येतेय ना, मग उत्तमच, डॉक्टर म्हणाले. शरीर भरून काढतंय. मोजपट्टींना ते पटलं. झोप हे औषध आहे आणि औषध जास्त झालं म्हणून तक्रार कुणाकडे करायची.

मंगळवारी सहा वाजले.

५

बुधवारी जेवणं झाली, ती झोपली, दार बंद झालं, आणि मोजपट्टींनी कोचावर आडवं होण्याऐवजी ट्रेसिंगची फाइल काढली. निकाली प्रकरण बांधून ठेवायचं तर कागद क्रमाने लावले पाहिजेत. पाच पारदर्शक कागद एकावर एक ठेवून, कोपरे जुळवून त्यांनी खिडकीच्या काचेवर धरले. कचेरीत जुन्या आणि नव्या हद्दी ताडून बघायची हीच रीत होती. या रीतीने त्यांनी अनेक लबाड शेजारी पकडले होते.

उजेडात पाचही कागद एक झाले. तीन गोल आणि एक अर्धचंद्र दिसले, एकात एक अडकलेले, भिंतीकडून पलंगाकडे जाणारे, प्रत्येक आधीच्यापेक्षा लहान. पाचव्या कागदावर गोल नव्हता.

लहान होत गेले म्हणून आपण आनंदलो, असं त्यांच्या मनात आलं. आणि लगेच त्याच्या मागोमाग हेल्मेट आलं. खाली आणलं की लहान आणि रेखीव.

त्यांना घाम वगैरे फुटला नाही. त्यांनी स्टूल ओढलं, टेबलावर कागद पसरले आणि पट्टी घेतली. कुठल्याही नोकरदार माणसाचं संकटात जे होतं तेच त्यांचं झालं. हात आपोआप रोजचं काम करायला लागले. दिव्याची उंची माहीत होती, ट्रेची माहीत होती, पलंगाची माहीत होती. पहिल्या आठवड्यात पाण्यापासून दोन फूट वर. मग दीड. मग एक. चौथ्यात वीत-दीड वीत, आणि ट्रेच्या कडेवर. ते डोकं, ज्याला खांदे नव्हते, भिंतीतून निघून ट्रेवरून दर आठवड्याला खाली येत आणि पुढे सरकत होतं. मोजपट्टींनी चारही ठिकाणं टिंबांनी दाखवली आणि टिंबांना पट्टी लावली. रेघ सरळ आली. अशी सरळ रेघ त्यांच्या घराच्या एकाही भिंतीत नव्हती. ती त्यांनी कागदाच्या बाहेर, टेबलाच्या लाकडावर, पुढे वाढवली. पाचवं टिंब कुठे पडायला हवं ते मोजलं.

उशीवर. उशीपासून चार बोटं वर.

फाइल बंद झाली म्हणजे काम झालं असं नसतं, हे अडतीस वर्षं फाइली बंद करणाऱ्या माणसाला दुसऱ्या कुणी सांगायला नको होतं. ट्रे हिरवा झाला होता कारण तिथे आता सावली पडत नव्हती. एवढंच त्या हिरव्या रंगाचं म्हणणं होतं. बाकीचं त्यांनी स्वतःच्या पदरचं जोडलं होतं.

घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. मोजपट्टी उठले आणि नियम मोडून त्यांनी दाराला हात घातला. बिजागरी करकरली.

खोलीत सगळं जागच्या जागी होतं. पडदे ओढलेले, पंप घरघरतोय, ट्रेमधलं हिरवं संथ डोलतंय. दिव्याचा निळसर उजेड ट्रेवर, खुर्चीएवढ्या मोकळ्या जागेवर आणि पलंगाच्या अर्ध्या भागावर पडलेला. उशीचा पांढरा अभ्रा उजळला होता. बायकोचा उघडा हात उजळला होता, हातातली बांगडी चमकत होती.

चेहरा तेवढा अंधारात होता.

कड इतकी रेखीव होती की कपाळावरच्या केसांत ती नेमकी कुठे संपते ते दिसत होतं. अंडाकृती. दोन्ही अंगांना किंचित फुगवटे. तिच्या आणि दिव्याच्या मधे काही नव्हतं. मोजपट्टींनी ते दोनदा तपासलं, कारण त्यांना दोनदा तपासायची सवय होती.

मग ती सावली मोठी व्हायला लागली. हळूहळू, घाई न करता. उशी झाकली, खांदे झाकले, कड पुसट झाली, पलंग मंदावला, बांगडीची चमक गेली. सावली मोठी होते म्हणजे काय ते मोजपट्टींना हेल्मेटमुळे माहीत होतं. कुणीतरी वर उठत होतं, मान वळवून दाराकडे बघायला उठावं तसं. क्षणभर सगळ्या खोलीत ढगाखाली आल्यासारखा उजेड झाला, भिंतीवर, दारावर, त्यांच्या स्वतःच्या सदऱ्यावरसुद्धा. ट्रेमधले सगळे तुरे एकदम मिटले.

आणि मग दिवा होता तसाच होता.

६

"आज दार वाजवलंत," बायको डोळे न उघडता म्हणाली.

ते पलंगापाशी आले. तिच्या चेहऱ्यावर निळा उजेड पडला होता आणि ती श्वास घेत होती. त्या दोन गोष्टींपलीकडे त्यांना काही सुचत नव्हतं.

"रोज न वाजवता कसे येता ते मला कळत नाही," ती म्हणाली. "मला वाटायचं, बिजागरीला तेल घातलंत."

"रोज," मोजपट्टी म्हणाले.

"हो, रोज. येऊन वाकून बघता ना, श्वास चालू आहे का ते. मी मुद्दाम डोळे उघडत नाही. उगीच तुम्हाला लाजल्यासारखं व्हायचं." तिने त्यांचा हात चाचपडून धरला. तिची बोटं गार होती. "आधी लांबून बघायचात. हल्ली अगदी जवळ येता. तुमच्या अंगाला त्या टाकीचा खारा वास येतो, पण चालतं मला. एवढ्या वर्षांत इतक्या जवळून कधी बघितलं नव्हतंत."

मोजपट्टींच्या तोंडात जे वाक्य आलं होतं ते त्यांनी गिळलं. शिवलेल्या हृदयाला धक्का चालणार नव्हता. आणि दुसरं म्हणजे, जे तिच्याकडून काढून घ्यायचं होतं त्याच्या बदली द्यायला त्यांच्याजवळ काही नव्हतं.

"चालू आहे ना श्वास," ते म्हणाले. "मग झालं तर."

संध्याकाळी त्यांनी सगळा विचार केला, मुद्देसूद. पलंग बाहेरच्या खोलीत नेता आला असता. ट्रे फेकून देता आला असता. पण जे होतं ते ट्रेमुळे आलं होतं असं कशावरून? ट्रेने फक्त ते कुठे आहे ते दाखवलं होतं. बाहेरच्या खोलीत नेलं, तर तिथे ते कुठे आहे हे कोण सांगणार? जमिनीच्या वादात साक्षीदार म्हातारा असो, दारुडा असो, त्याला जपायचं असतं. त्यांनी त्या दिवशी ट्रेमधलं मीठ तपासलं, पाणी भरलं आणि दिव्याची काच पुसली.

दुसऱ्या दिवशी एक वाजता ते खुर्ची घेऊन आत आले आणि ट्रे आणि पलंग यांच्यामधल्या दोन फुटांत ती मांडली. पाठ ट्रेकडे, तोंड तिच्याकडे.

"आता उघडउघड?" बायको म्हणाली.

"लपून-छपून करायचं वय राहिलं नाही," ते म्हणाले.

ती हसून कुशीवर वळली. मोजपट्टी पुढे झुकले, कोपर गुडघ्यांवर टेकले आणि त्यांनी आपलं डोकं नेमकं त्या जागी नेलं, जिथे त्यांचं पाचवं टिंब पडत होतं. त्यांची सावली तिच्या चेहऱ्यावर पडली. या सावलीला खांदे होते.

७

त्या आठवड्यात ती साडेपाचला उठायला लागली. पुढच्या आठवड्यात पाचला, हाक न मारता. ओठांना रंग आला. महिन्याभराने ती दुपारी चारलाच उठून, झोप पुरे झाली, असं म्हणून भांडायला लागली, आणि मोजपट्टींना भांडण ऐकून इतकं बरं कधी वाटलं नव्हतं. तीन महिने भरल्यावर डॉक्टरांनी तपासलं आणि सांगितलं की शिवण नव्यापेक्षा घट्ट आहे. दुकानदाराने तिच्या तब्येतीची चौकशी केली आणि त्या खुशीत पोवळ्याची एक पिशवीसुद्धा ठेवून घेतली. एकच.

ट्रे रविवारामागून रविवार हिरवा होता. मोजपट्टी ट्रेसिंग काढत, तारीख घालत. खुर्ची मात्र त्यांनी हलवली नाही. दुपारचं तिथे बसणं त्यांना अंगवळणी पडलं होतं. ते झोपत नसत. कामाच्या खुर्चीत ते जन्मात कधी झोपले नव्हते, आणि हे विधान कचेरीतली फारच थोडी माणसं करू शकत.

गेल्या रविवारी बारा वाजता त्यांनी ट्रेवर काच ठेवली, कागद पसरला आणि पेन्सिलीला टोक केलं.

खुर्चीकडच्या कडेला, काचेला लागून, एक जागा मिटलेली होती. ती मोजायला पट्टी लागत नव्हती. डोक्याएवढी होती. कड रेखीव, दोन्ही अंगांना किंचित फुगवटे. त्यांनी मनातल्या मनात उंची काढली तेव्हा ती बसलेल्या माणसाच्या मानेपाशी आली.

मधे कुठला टप्पाच नव्हता. दीड फूट नाही, सव्वा नाही. या वेळी त्याला वाट माहीत होती.

"काय झालं?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. ती आता स्वतः चहा करत होती, आणि जिना उतरून दूधही आणत होती. "झाली का मोजणी?"

"झाली," मोजपट्टी म्हणाले. कागद कोरा होता. त्यांनी तो गुंडाळला आणि पेन्सिलीला टोपण लावलं.

"काल सहा वाजले तुम्हाला उठवताना," ती आत येत म्हणाली. "चार हाका मारल्या. माणसाने खुर्चीत बसल्या बसल्या एवढं गाढ झोपावं म्हणजे कमाल आहे. पलंगावर आडवे होत जा की. मी बसते खुर्चीत."

"नको," ते म्हणाले. इतकं झटकन म्हणाले की ती थांबून बघायला लागली. मग त्यांनी आवाज खाली आणला. "माझं बरं आहे. मला तिथेच बरं वाटतं."

कचेरीत याला प्रकरण वर्ग होणं म्हणतात. एका टेबलावरून उठून ते दुसऱ्या टेबलावर येतं. नव्या टेबलावरचा माणूस जागा सोडून गेला की ते निमूटपणे मूळ टेबलावर परत जातं. मोजपट्टींनी असं कितीदा पाहिलं होतं. ते परत जाऊ नये यासाठी एकच उपाय असतो. खुर्ची रिकामी ठेवायची नाही.

एक वाजता ते ट्रेकडे पाठ करून बसले. बायको पलंगावर उशीला टेकून वर्तमानपत्र वाचत होती, मधूनच एखादी बातमी त्यांना वाचून दाखवत होती. तिच्या चेहऱ्यावर स्वच्छ उजेड होता. मागे पंप घरघरत होता. थोड्या वेळाने मानेपाशी खारा वास आला.

दाराचा आवाज झाला नव्हता. मोजपट्टींनी मागे वळून पाहिलं नाही. ते म्हणाले, "हं, पुढे वाच."